रिकाम्या होडीतले टाके

१

होडीत कुणीतरी येऊन बसलं होतं.

सोमवारी आमचं संग्रहालय बंद असतं, त्यामुळे दालनात मी एकटीच होते. बारा दिवसांनी ते भरतकामाचं कापड परदेशातल्या एका मोठ्या प्रदर्शनाला वर्षभरासाठी जायचं होतं. त्याआधी त्याचा टाका न् टाका तपासून कागदावर सही करायची, हे माझं काम. अकरा वर्षांपासून मी इथे जुनी कापडं दुरुस्त करते. हे कापड तर संग्रहालयात आल्यापासून माझ्याच हाताखालचं. त्यात कुठे काय आहे ते मी डोळे मिटून सांगितलं असतं. डावीकडे नदीचा काठ. काठावर होडीची वाट बघत उभ्या असलेल्या एकवीस बायका, कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या डोक्यावर बोचकं. उजवीकडे नुसतं पाणी, आणि पाण्याच्या मधोमध एक होडी. रिकामी. होडीच्या टोकाशी कापडात खुपसून ठेवलेली सुई.

आज होडीत पिवळा फ्रॉक होता.

नुसता फ्रॉक. डोकं नाही, पाय नाहीत. माझ्या करंगळीएवढा. गळा, कंबर, घेर, सगळं व्यवस्थित, पण बाही एकच. दुसऱ्या खांद्याशी टाके येऊन थांबले होते.

मी भिंग खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि परत पाहिलं. दोष चष्म्याचा निघाला असता तर मी देवाला हात जोडले असते.

संचालिकाबाई वीस मिनिटांत आल्या. हे दालन म्हणजे त्यांचं उभं आयुष्य. तळघरात धूळ खात पडलेली बायकांची त्रेचाळीस कामं त्यांनी एकेक करून वर आणली होती. जुन्या नोंदींमध्ये कित्येकींचं नावसुद्धा नव्हतं; 'अमक्याची पत्नी', 'तमक्याची बहीण' एवढ्यावर भागवलेलं. या होडीवर तर त्यांनी पुस्तक लिहिलं होतं. शेवटच्या दिवसापर्यंत सुई हातात असलेली कलावंत, आणि मृत्यूनं अर्धवट ठेवायला लावलेलं काम. परदेशातल्या त्या प्रदर्शनाच्या जाहिरातीवरही हीच होडी होती.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग पाहुण्यांसाठी ठेवलेल्या बाकावर बसल्या.

"चोरी झाली असती तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "चोरलेली वस्तू कधीतरी परत तरी येते. मागच्या फळीचं काय?"

"सील शाबूत आहे मॅडम. तुमची नि माझी सही आहे तशी आहे."

कापड लाकडी चौकटीवर ताणलेलं होतं आणि मागून फळीनं बंद केलेलं. समोर काच नव्हती. लोकांना दोरा जवळून दिसावा, असा मॅडमचा हट्ट होता. पुढे फक्त एक दोरी बांधलेली.

"म्हणजे मागून कुणाचा हात गेलेला नाही. मग शिवलं कसं?"

"समोरूनच," मी म्हणाले. "वाकडी सुई असली की एकाच बाजूनं शिवता येतं. आत जाते नि वळून बाहेर येते."

हे बोलून गेल्यावर माझं मलाच कळलं, मी काय बोलले ते. मॅडमनी हळूच मान वर केली.

"या इमारतीत वाकड्या सुया कुणाकडे आहेत?"

माझ्याकडे होत्या. टेबलाच्या वरच्याच खणात.

२

पोलिसांत गेलं की दुसऱ्या दिवशी पेपरात येणार, म्हणून मॅडमनी आपल्या जुन्या मैत्रिणीला बोलावलं. या बाईंनी पोलीस खात्यात तीस वर्षं खोट्या सह्या नि खाडाखोड केलेले कागद ओळखण्यात घालवली होती. खात्यात सगळे त्यांना अक्षरबाई म्हणत, आणि निवृत्तीनंतरही ते नाव त्यांना चिकटून राहिलं होतं. बुटक्या, गुडघ्यांनी अधू, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. आल्या आल्या त्यांनी आधी चहा मागितला आणि मग मला.

"सुया दाखवा."

मी खण उघडला.

"सात आहेत. सातच असतात?"

"सातच."

"शिवायला आवडतं तुम्हाला?"

"पोटापाण्याचं काम आहे. पण हो, आवडतं."

"मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. आमच्याकडे बटणं नवरा लावतो. छान लावतो हो!" एवढं बोलून त्या कापडाकडे वळल्या आणि दोन तास भिंगातून बघत राहिल्या. मी शेजारी स्टुलावर बसून होते, निकालाची वाट पाहणाऱ्या पोरीसारखी. अकरा वर्षांत माझ्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

"या दोऱ्याबद्दल सांगा," त्या शेवटी म्हणाल्या. "मला अक्षर वाचता येतं. शाई तुम्ही वाचा."

मी फ्रॉकच्या घेरातला एक तंतू सूक्ष्मदर्शकाखाली धरला. समोरच्या पडद्यावर तो दोरखंडाएवढा दिसू लागला.

"मेण आहे," मी म्हणाले, आणि मला हायसं वाटलं. "दोरा मेणातून ओढलाय. आम्ही मेण कधीच लावत नाही. त्यावर धूळ धरते, कापड खराब होतं."

"हे तुम्ही म्हणताय. तुमच्याविरुद्ध काही असतं तर सांगितलं असतंत का?"

पण पडद्यावर आणखी एक गोष्ट दिसत होती, आणि ती मला सोडवेना.

"बाई, हा दोरा सरळ नाही. बघा, थोड्या थोड्या अंतरावर दुमडलेला आहे. स्वेटर उसवल्यावर लोकर कशी वळ्यावळ्यांची राहते, तसा. हा दोरा पूर्वी कुठेतरी शिवलेला होता. उसवून ठेवलेला दोरा आहे हा."

"आणि कापड?"

मी बाजूनं दिवा धरला. नवी सुई घुसली की कापडाचे धागे ताजे सरकलेले दिसतात. इथे तसं काहीच नव्हतं. प्रत्येक टाका जुन्या, कडा झिजलेल्या भोकातून गेला होता. आणि जिथे बाही नव्हती तिथेही भोकं होतीच. मोकळी.

माझा चेहरा पडलेला त्यांना दिसला असावा. "काय झालं?"

"आठ वर्षांपूर्वी, हे आलं तेव्हा, मी वहीत एक ओळ लिहिली होती. 'होडीपाशी सुईच्या जुन्या खुणा, बहुधा रेखाटन हलवल्याच्या.' लिहिलं नि पुढे गेले. परत कधी पाहिलंच नाही."

"आता पाहा. काय दिसतं?"

"हा फ्रॉक नवा नाही," मी म्हणाले. "तो आधीही इथेच होता. कुणीतरी उसवला होता."

अक्षरबाईंनी भिंग पुसलं. "आणि आता कुणीतरी त्याच दोऱ्यानं, त्याच भोकांतून तो परत आणतंय. फक्त एक बाही सोडून. दोरा आहे, भोकं आहेत. मग बाही का सोडली?"

३

आमच्या संशयाच्या यादीतलं पुढचं माणूस म्हणजे कलावंत बाईंची शिष्या. गावाच्या दुसऱ्या टोकाला तिचा भरतकामाचा वर्ग होता. हे काम पूर्ण करायची परवानगी मिळावी म्हणून तिनं संग्रहालयाकडे दोनदा अर्ज केला होता, आणि दोन्ही वेळा मॅडमनी नकार दिला होता.

ती पन्नाशीची, ताठ बसणारी बाई. मी तिला फ्रॉकचं छायाचित्र दाखवलं. तिनं ते नाकाजवळ नेलं आणि तिचा चेहरा लालबुंद झाला.

"हे मी केलं असं वाटतं तुम्हाला? रेशमाला मेण? रेशमाची चकाकी मरते मेणानं! माझ्याकडच्या पहिल्या दिवसाच्या मुलीनं असं केलं तर तिची आई येऊन माझी माफी मागेल. आणि हे टाके बघा. एकावर एक, दुहेरी, करकचून ओढलेले. हे काय भरतकाम आहे? पोत्याचं तोंड शिवल्यासारखं शिवलंय."

"पण एकसारखे आहेत," अक्षरबाई म्हणाल्या.

"एकसारखे आहेत खरे," ती नाइलाजानं म्हणाली. "मोजून काढल्यासारखे. हाताला सवय आहे. पण आमच्यातला हात नाही हा."

"तुमच्या बाई शेवटच्या दिवसापर्यंत या कापडावर काम करत होत्या ना?"

शिष्येनं छायाचित्र टेबलावर पालथं ठेवलं. बाहेरच्या खोलीत मुली कशावरून तरी हसत होत्या. तिनं उठून दार लावलं.

"मी नऊ वर्षं त्यांच्या घरी शिकायला जात होते. नऊ वर्षांत त्यांनी त्या कापडाला एकदाही हात लावला नाही. ते भिंतीकडे तोंड करून उभं असायचं, वर चादर. एकदा मी चादर उचलली. त्या ओरडल्या नाहीत. माझ्या हातातून चादर घेतली, परत टाकली, आणि त्या दिवशीचा वर्ग तिथेच संपला."

"हे तुम्ही आजवर बोलला नाहीत."

"कुणी विचारलं?" मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "आणि खरं सांगू? शेवटच्या श्वासापर्यंत भरणाऱ्या बाईंची मी शिष्या. त्यावर माझाही वर्ग चालला. मी कशाला तोंड उघडू?"

मला एकदम त्या खुपसलेल्या सुईभोवतीचा गंजाचा डाग आठवला. आमच्या दालनातली हवा कोरडी ठेवलेली असते. तिथे सुई गंजत नाही. म्हणजे संग्रहालयात यायच्या आधीच ती सुई वर्षानुवर्षं त्याच जागी खुपसलेली असणार. डाग मी दर सहा महिन्यांनी पाहत होते. त्याचा अर्थ मात्र कधी विचारला नव्हता.

"मग शेवटच्या दिवसापर्यंत काम चाललं होतं, हे मॅडमना सांगितलं कुणी?" अक्षरबाईंनी विचारलं.

शिष्या म्हणाली, "घरच्यांनी सांगितलं असेल. घरी तर दोघंच होती."

४

दालनाची राखण करणारी बाई शनिवारी कामावर होती. वीस वर्षांची नोकरी, तीन नातवंडं, आणि शाळेच्या सहलीतल्या पन्नास पोरांना एका नजरेत गप्प करायची ताकद. आमच्याकडे मात्र ती बघत नव्हती.

"दोरीच्या आत कुणी गेलं होतं?"

"नाही बाई."

"कुणी फार वेळ थांबायचं?"

"लोक थांबतात की. बघायलाच येतात ना?"

अक्षरबाईंचे गुडघे दुखायला लागले होते. "जरा बसते तुमच्या खुर्चीवर," म्हणत त्या तिच्या खुर्चीवर टेकल्या. त्यांचा हात सहज बैठकीच्या कडेवरून फिरला आणि थांबला. दुसऱ्या क्षणाला त्या उठल्या आणि त्यांनी खुर्ची उलटी केली.

"ही कुणी शिवली?"

"ती होय? फाटली होती हो, आतला स्पंज बाहेर आलेला. कार्यालयात तीन अर्ज दिले, कुणी ढुंकून बघितलं नाही. शेवटी आजोबांनीच पिशवीतून सुई काढली नि उभ्या उभ्या शिवून दिली. म्हणाले, पोरी, दिवसभर बसतेस, खुर्ची तरी धड हवी."

"कोण आजोबा?"

तिच्या लक्षात आलं, पण उशीर झाला होता. तिनं पदराला हात पुसावेत तसे गणवेशाला पुसले.

"बाईंचे यजमान. दर मंगळवारी येतात. या मंगळवारी दालन बंद होतं, तर खाली बाकावर दोन तास बसून गेले."

अक्षरबाईंनी भिंग माझ्या हातात दिलं. मला त्याची गरज नव्हती. खुर्चीच्या कडेनं जाड, मेण लावलेल्या दोऱ्याची शिवण गेली होती. एकसारखे, दुहेरी, करकचून ओढलेले टाके.

"काय करायचे ते आयुष्यभर?"

"सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या बैठका शिवायचे," मी म्हणाले. मला हे माहीत होतं. ते कापड घेऊन आले त्या दिवशीच्या अर्जावर मीच लिहिलं होतं. "वाकड्या सुईनं. लाकडावर चढवलेलं कापड समोरूनच शिवावं लागतं."

"म्हणून ते भरतकाम वाटत नव्हतं," अक्षरबाई म्हणाल्या. "ते टाके शोभेचे नाहीतच. वजन पेलायला घातलेत." मग स्वतःवरच चिडून म्हणाल्या, "आणि मी आठवडाभर बायकांच्या मागे! घरात बटणं लावणारा नवरा असून मला सुचू नये?"

राखणदार बाई रडायला लागली होती.

"मला माहीत नव्हतं हो, खरंच. ते त्या कापडापुढे बसले की त्यांच्या डोळ्याला धार लागायची. म्हाताऱ्या माणसाच्या रडण्याकडे काय बघत बसायचं? मी आपली खिडकीशी जाऊन उभी राहायचे. पाठ करून."

"किती वेळ?"

"पंधरा-वीस मिनिटं."

"किती मंगळवार?"

तिनं बोटांवर मोजलं. "सात."

५

रविवारी सकाळी आम्ही तिघी त्यांच्या घरी गेलो.

पुढची खोली म्हणजे त्यांचं जुनं दुकान. भिंतीला खुर्च्यांचे सांगाडे टेकवलेले, फळीवर स्प्रिंगा, खिळे, मेणाचा काळपट गोळा. वाकड्या सुया एका पट्टीवर लहानापासून मोठ्यापर्यंत लावलेल्या. एक्याऐंशी वर्षांचे गृहस्थ, पण हात अजून जाडजूड.

"उशीर केलात," ते म्हणाले. "मला वाटलं होतं दुसऱ्या-तिसऱ्या मंगळवारीच पकडाल. बसा. खुर्च्या सगळ्या भक्कम आहेत."

मॅडम बसल्या नाहीत. "आजोबा, ते तुमच्या पत्नीचं काम आहे. त्याला हात लावायचा हक्क तुम्हालासुद्धा नव्हता."

"खरं आहे."

"मग का लावलात?"

"पूर्वी एकदा हात न लावता बिघडवलं होतं, म्हणून." ते आपल्या स्टुलावर बसले. "लग्नानंतर चौदा वर्षांनी आम्हाला मुलगी झाली. ती गेली त्यानंतर हिनं ते कापड चौकटीवर चढवलं. पाच वर्षं भरत होती. मी तिकडे फिरकत नव्हतो. एक दिवस चहा द्यायला गेलो, तर होडीत पिवळं दिसलं. मी तोंड फिरवलं. म्हटलं, 'काढ ते. रोज मला दाखवायचंय का तुला?'"

"मग?"

"काही बोलली नाही. दुपारभर बसून उसवलं. दोरे गुंडाळून डब्यात ठेवले, सुई कापडात खुपसली आणि चौकट भिंतीकडे फिरवली. पुढे चोवीस वर्षं जगली. दुसरी कामं केली, पोरींना शिकवलं. त्या कापडाला शिवली नाही." त्यांनी गुडघ्यावरचा नसलेला धागा झटकला. "भांडली असती तर बरं झालं असतं हो. एक शब्द बोलली नाही."

मॅडमचा आवाज आता तितका चढा नव्हता. "तुम्ही कापड द्यायला आलात, तेव्हा हे का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत, 'शेवटपर्यंत यावरच काम करत होत्या का? मृत्यूमुळे अर्धवट राहिलं का?' मी हो म्हटलं. सोपं होतं ते. मग तुम्ही ते छापलंत. नंतर पेपरात आलं, वर्षभर बाहेर जाणार. माझं वर्ष कुणी बघितलंय? म्हटलं, जायच्या आधी पोरीला जागेवर बसवावं. डोळ्यांना आता दिसत नाही, पण जुन्या भोकातून सुई घालायची बोटांना सवय आहे."

अक्षरबाई पुढे झुकल्या.

"आजोबा, सगळा फ्रॉक शिवलात. एक बाही का राहिली?"

त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तळहात उघडा होता. तो त्यांनी हळूहळू मिटला.

६

"पलीकडच्या काठावर एका दवाखान्याला खुर्च्या पोचवायच्या होत्या," ते म्हणाले. "मीही येते म्हणून हटून बसली. सहा वर्षांची. ही म्हणाली, नको नेऊ, वारं सुटलंय. मी म्हटलं, काय होतंय. मधोमध होडी कलंडली. मी तिला धरलं होतं. नाही असं नाही. बाहीला धरलं होतं."

त्यांनी मिटलेली मूठ गुडघ्यावर ठेवली.

"घरातले साधे कपडे मीच शिवायचो. तो फ्रॉक माझाच. म्हटलं, लहान पोरीचा फ्रॉक, त्याला कशाला जाड दोरा? एकेरी शिवण घातली, नाजूक. ती उसवली. बाही हातात राहिली."

त्यानंतर त्यांना पुढे काही विचारण्यात अर्थ नव्हता. मॅडमनी आत जाऊन पाणी आणलं. ते घर त्यांच्या ओळखीचं नव्हतं, तरी भांडं त्यांना बरोबर सापडलं.

निर्णय मात्र घ्यायला हवा होता.

"तक्रार होणार नाही," मॅडम म्हणाल्या. "पण टाके काढावे लागतील आजोबा. तुमच्या पत्नीच्या हातचं त्या कापडावरचं शेवटचं काम म्हणजे ते उसवणं. आवडो न आवडो, ते तिचं आहे."

"हात तिचा होता," ते म्हणाले. "शब्द माझा होता."

मॅडम आता खुर्चीवर बसल्या. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "काढा. तुमचंही खरं आहे. पण एवढं करा, भोकं बुजवू नका."

टाके काढल्यावर आम्ही कापडाला किंचित ओल देऊन धागे जागेवर सरकवतो. खूण राहत नाही. त्यांना हे ठाऊक होतं. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

बुधवारी सकाळी मी कापड टेबलावर घेतलं. समोर बसू द्या, एवढंच आजोबांनी मागितलं होतं, म्हणून त्यांना पडद्याजवळ खुर्ची दिली. अक्षरबाई आणि मॅडम मागे उभ्या होत्या. मी घेरापासून सुरुवात केली. दुहेरी टाके, सुटता सुटत नव्हते. एकेक टाका कापायचा, चिमट्यानं ओढायचा, पिवळा तुकडा लांब असेल तर बाजूला ठेवायचा. दोन तास गेले.

फ्रॉक निघाला, तेव्हा मी दिवा आडवा केला आणि नसलेल्या बाहीची मोकळी भोकं पडद्यावर आणली. एका भोकात काहीतरी अडकलेलं होतं. मी पडद्यावरचं चित्र आणखी मोठं केलं.

तंतू होता. पिवळा नव्हता. निळा होता.

त्या कापडावर निळा रंग कुठेच नाही. पाणीसुद्धा तिनं करड्या रेशमात भरलं आहे. मी पुढच्या भोकावर गेले, तिथेही निळा. भोकांची ओळ बाहीसारखी खाली येऊन संपत नव्हती. ती फ्रॉकच्या मागून वर जात होती, रुंद होत होती.

"बाई," मी अक्षरबाईंना हाक मारली, "जरा इकडे या."

त्या पडद्याशी आल्या. खोडलेलं अक्षर वाचण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. त्यांनी पडद्याच्या काचेवर पातळ कागद लावला आणि पेन्सिलीनं भोकाला भोक जोडत गेल्या. एक खांदा आला. मग पाठ. वाकलेली मान. मग ज्याला आम्ही बाही समजलो होतो, तो दंड झाला, कोपर झालं, आणि पिवळ्या फ्रॉकला पुढून वेढा घालून आलेला एक पंजा झाला. दुसरा पंजा त्याच्याखाली होता. तिनंही बाही एकच भरली होती. दुसरी त्या हाताखाली झाकली गेली होती.

"हे कोण?" आजोबांनी विचारलं.

मॅडमनी तोंडावर हात ठेवला होता.

"आजोबा," मी म्हणाले, "त्या दिवशी चहा द्यायला गेलात, तेव्हा होडीत नीट पाहिलं होतंत?"

"पिवळं दिसलं. मी तोंड फिरवलं."

"होडीत दोघं होती. तिनं तुम्हालाही बसवलं होतं."

ते खुर्चीतून उठले. नाक काचेला लागेल इतके जवळ गेले. त्यांना ती बारीक भोकं दिसत होती की नाही कोण जाणे. पण पेन्सिलीची रेघ दिसत असावी, कारण त्यांचं बोट तिच्यावरून चालू लागलं. खांद्यावरून दंडावर आलं, दंडावरून कोपरावर, आणि पंज्याशी थांबलं.

"धरलंय?" त्यांनी विचारलं.

"धरलंय," अक्षरबाई म्हणाल्या. "दोन्ही हातांनी."

त्यांनी बोट तिथेच ठेवलं. राखणदार बाई दारातून डोकावली आणि या वेळी तिनं पाठ फिरवली नाही.

त्याच दुपारी मॅडमनी प्रदर्शनवाल्यांना पत्र पाठवलं. कापड रिकाम्या होडीनंच जाणार होतं, भोकं न बुजवता. कापडाबरोबर अक्षरबाईंनी जोडलेल्या रेघांचा तो कागद जाणार होता. जाहिरातीतला मृत्यूबद्दलचा मजकूर त्यांनी स्वतःच्या हातानं खोडला. पुस्तकाचं काय करणार, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "नव्यानं लिहीन. या वेळी आधी उत्तर ठरवून प्रश्न विचारणार नाही."

आजोबांना पोचवायला मी पायऱ्यांपर्यंत गेले. पिवळा दोरा जेवढा वाचला होता तेवढा मी एका पुठ्ठ्यावर गुंडाळला होता. तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खिशात ठेवला, खिसा वरून दाबून पाहिला, दोन पायऱ्या उतरले आणि थांबले.

"डब्यात निळाही आहे," ते म्हणाले. "तसाच नीट गुंडाळून ठेवलेला. मला वाटलं, पाण्याचा असेल."